नलीतला शेरा : खलाशांच्या युनियनबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी बॅलार्ड इस्टेटमधल्या माझ्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. खलाशांच्या युनियनच्या कचेरीत १९६९ साली टायपिस्ट म्हणून लागले, आणि २००६ साली वेल्फेअरच्या टेबलावरून निवृत्त झाले. त्या लेखावर आलेल्या पत्रांतून सात निवडली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. ते वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

प्रश्न : माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची नली सापडली. पानोपानी बोटींची नावं आणि ‘व्हेरी गुड’चे शिक्के आहेत. फक्त एका पानावर, नोव्हेंबर १९३९ च्या तारखेसमोर, ‘डिक्लाइन टु रिपोर्ट’ असा शिक्का आहे. बंदर विलायतेतलं आहे. आजोबांनी परदेशात काहीतरी गैर केलं, म्हणून पुढे त्यांना बरेच दिवस बोट मिळाली नाही, असं आमच्या घरात दबक्या आवाजात बोलत. हा शिक्का कशाचा? (एक वाचक, मंडणगड)

उत्तर : आधी नली म्हणजे काय ते इतर वाचकांसाठी सांगते. खलाशाचं डिस्चार्ज बुक, हल्ली ज्याला सीडीसी म्हणतात, त्याला आपल्याकडचे आणि गोव्याकडचे दर्यावर्दी नली म्हणत आले आहेत. कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, कधी चढला, कधी उतरला, सगळं त्यात. आणि सफर संपली की कप्तान कामाबद्दल आणि वागणुकीबद्दल शेरा मारणार. ‘व्हेरी गुड’ असलं की पुढची बोट. ‘डिक्लाइन टु रिपोर्ट’ याचा शब्दशः अर्थ एवढाच की कप्तान मत द्यायला नकार देतो. पण धंद्यात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता : या माणसाला घेऊ नका. काय गुन्हा केला ते लिहायचं नाही, खलाशाचं म्हणणं ऐकायचं नाही, दाद कुठे मागायची तेही नाही. चार बोटांएवढ्या जागेतला शिक्का, आणि मागे गावात पाच-सात तोंडं उपाशी.

आता तारीख बघा. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्यानंतर काही दिवसांतच ब्रिटिश बंदरांत लागलेल्या बोटींवरच्या हिंदुस्थानी खलाशांनी नव्या सफरीवर जायला नकार द्यायला सुरुवात केली. लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो, साउदॅम्प्टन. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या बंदरांतही तेच लोण गेलं. पाणसुरुंग आणि पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रात त्याच जुन्या पगारावर जाणार नाही, एवढं त्यांचं म्हणणं. पगार होता महिन्याला २०-२५ रुपये, त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथाईच्या आसपास. मागणी दुप्पट पगाराची आणि युद्धभत्त्याची होती.

१८९४ च्या ब्रिटिश मर्चंट शिपिंग कायद्याखाली करारावर सही केलेल्या खलाशाने कप्तानाचा हुकूम मोडणं हा फौजदारी गुन्हा होता. गिरणी कामगाराने संप केला तर त्याची नोकरी जायची, खलाशाने केला तर तो तुरुंगात जायचा. त्या हिवाळ्यात शेकडो हिंदुस्थानी खलाशी विलायतेच्या तुरुंगांत गेले. कोकणातले, सिल्हेटचे, पंजाबातले, काठेवाडचे. कोर्टात काय चाललंय ते त्यांतल्या कितीजणांना कळलं असेल? लंडनमध्ये खलाशांचे पुढारी सुरत अली यांनी त्यांची बाजू लावून धरली, इकडे कलकत्त्याहून तिथल्या खलाशांचे पुढारी आफताब अली यांनी बोलणी केली, आणि वर्षअखेर २५ टक्के वाढ पदरात पडली. मागितलं होतं त्याच्या चौथाई. तरीही हिंदुस्थानी खलाशाच्या पगाराबद्दल मालकांना एका टेबलाशी बसावं लागलं, हे मी लहान मानत नाही.

तुमचे आजोबा त्या संपात होते असं मी एका शिक्क्यावरून शपथेवर सांगणार नाही. पण आधी आणि नंतर सगळे ‘व्हेरी गुड’ असलेल्या माणसाला नेमका नोव्हेंबर १९३९ मध्ये, नेमका विलायतेच्या बंदरात असा शेरा मिळतो, तेव्हा चोरी-दारूच्या आधी माझ्या मनात संपच येतो. ते पान घरातल्या सगळ्यांना उघडून दाखवा. दबक्या आवाजाची गरज नाही.

आणि आता जे लिहिते ते मी कचेरीतही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माझे वडील त्या वेळी आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा मारणारे. दाभोळच्या खाडीकाठचे. त्यांचीही बोट त्या थंडीत विलायतेत होती. त्यांच्या बोटीवरच्या अकरा जणांनी कामावर जायला नकार दिला. वडिलांनी दिला नाही. त्यांच्या नलीत शेवटपर्यंत ‘व्हेरी गुड’ आहे. त्या अकरांतला एकजण पलीकडच्या गावचा, त्यांच्याच शेजारच्या बंकवर झोपणारा. त्याला तुरुंगात नेल्यावर त्याची ट्रंक वडिलांनी सांभाळली, मुंबईला आणली, लाँचने दाभोळपर्यंत आणली आणि त्याच्या आईच्या ओटीवर नेऊन ठेवली. ती माउली म्हणाली, “पेटी इली, तो कधी येतलो?” वडील हे वाक्य सांगायचे आणि उठून परड्यात जायचे.

त्यांनी नकार का दिला नाही, ते पुढच्या उत्तरात येतं.

प्रश्न : मी कॉलेजात कामगार चळवळीवर प्रकल्प करते आहे. खलाशांच्या युनियनची मुख्य लढाई पगाराची होती ना? आणि सुरुवात कधीची धरायची? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही. पगार महत्त्वाचा होताच, पण माझ्या मते पहिली लढाई नोकरीच्या दाराची होती. दाराची कडी कुणाच्या हातात?

जुन्या काळी कंपनी खलाशाला थेट घेत नसे. कंपनी सारंगाला, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाला, किंवा दलालाला सांगे, आणि तो माणसं आणी. माणसं बोटींपेक्षा कायम जास्त. मग दस्तुरी. दलालाला दिलेले पैसे, त्यासाठी सावकाराकडून काढलेलं कर्ज, आणि मुंबईत बोटीची वाट बघत काढलेल्या महिन्यांचा खर्च. म्हणजे खलाशी बोटीवर पाय ठेवायच्या आधीच चार-सहा महिन्यांच्या पगाराला मुकलेला. १९३९ च्या सफरीला जाण्यासाठी वडिलांनी आजीच्या पाटल्या गहाण टाकून दलालाला ६० रुपये दिले होते. शिक्का वाईट पडला असता तर पाटल्याही गेल्या असत्या आणि पुढची बोटही. ते घाबरट नव्हते. त्यांच्या गळ्यात फास होता आणि दोरी मुंबईत कुणाच्या तरी हातात होती.

आता सुरुवात. आज नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही जी मोठी युनियन आहे, ती आपलं मूळ १८९६ पर्यंत नेते, मुंबईतल्या गोवेकर खलाशांच्या क्लबापर्यंत. पण खरा जोर आला पहिल्या महायुद्धानंतर. त्या युद्धात हिंदुस्थानी खलाशी हजारोंनी बुडाले होते. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, आणि तिची दुसरी परिषद जून १९२० मध्ये इटलीतल्या जिनोआला फक्त दर्यावर्द्यांच्या प्रश्नांवर भरली. तिथे ठराव झाला की खलाशाला नोकरी लावून देण्यासाठी कुणीही नफ्यापोटी पैसे घेऊ नयेत. बोट बुडाली तर खलाशाला दोन महिन्यांपर्यंत भरपाई द्यावी, हाही करार तिथलाच. त्या आधी बोट बुडाली की पगारही बुडाला.

तुमच्या प्रकल्पात हा धागा जरूर घ्या : या परिषदांना कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा तर तो कुणी निवडायचा, या प्रश्नातूनच ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटकची, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची, स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. त्यामागे राबलेले ना. म. जोशी आपल्या रायगडातल्या गोरेगावचे. १९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदुस्थानी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले होते.

जिनोआनंतर सरकारने ए. जी. क्लो यांच्या अध्यक्षतेखाली १९२२ साली खलाशी भरतीची चौकशी केली. समितीने सांगितलं, दलाल काढा, सरकारी भरती कचेऱ्या काढा. कागद फायलीत गेला. १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली कमिशन नेमलं गेलं, त्यावर ना. म. जोशी सभासद होते. १९३१ च्या त्याच्या अहवालानेही खलाशी भरतीतल्या लाचखोरीवर बोट ठेवलं. तरी दलाल होता तिथेच. या मधल्या वर्षांत युनियन काय करत होत्या? मोडत होत्या आणि उभ्या राहत होत्या. सलूनवाल्यांची, म्हणजे बोटीवर जेवणखाण बघणाऱ्यांची, एक, डेक-इंजिनवाल्यांची दुसरी, पुढारी भांडले की तिसरी. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने त्यांना नोंदणीचं छत्र तरी मिळालं. या काळातल्या माणसांत मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते दिनकर देसाई. अंकोल्याचे, कन्नडमध्ये चुटके लिहिणारे कवी, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. मुंबईत राहून त्यांनी खलाशांचं संघटन केलं, हिंदुस्थानातल्या सागरी कामगारांवर पुस्तक लिहिलं. आमच्या कचेरीत येणारे म्हातारे तेलवाले, म्हणजे इंजिनाला तेल घालणारे, त्यांचं नाव अदबीने घेत.

शेवटी १९५४ साली मुंबईत आणि १९५५ साली कलकत्त्यात सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस सुरू झालं. रोस्टर आलं. खलाशी उतरला की नाव यादीत, आणि नंबराप्रमाणे पाळी. जिनोआपासून मोजलं तर ३४ वर्षं. रोस्टरमध्येही खटपटी झाल्या, लोक वर्ष-वर्ष घरी बसले, ते मी स्वतः बघितलं आहे. पण कुणाची पाळी आधी आणि कुणाची नंतर हे कागदावर आलं, आणि कागदावर आलेल्या गोष्टीसाठी भांडता येतं. वडील रोस्टरवर पहिल्यांदा लागून घरी आले तेव्हा आईला म्हणाले, “ह्या टायमाला कुणाला काही दिलं नाही.” मी सात वर्षांची असेन. त्यात एवढं आनंदाचं काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

प्रश्न : आमचे काका गोव्याहून बोटीवर जाण्यासाठी आले की धोबीतलावच्या कुडात उतरत. कुड म्हणजे युनियनच का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही, पण युनियनची माती तिथलीच. कुड म्हणजे एका गावच्या लोकांनी मुंबईत घेतलेली सामाईक जागा. भिंतीलगत ट्रंका, मध्ये चटया, एका बाजूला गावच्या संताचा आल्तार, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं. भाडं नाममात्र. बोट मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर असलं की माणूस दलालापुढे थोडा कमी वाकतो. शिवाय कुठल्या बोटीवर स्टुअर्ड हवेत ही बातमी कुडातच आधी कळायची. आमच्या कोकणातल्या जमातींच्या आणि गावकीच्या खोल्याही याच कामाच्या. गोवेकर मंडळी सलूनमध्ये, कोकण-काठेवाडचे डेकवर, आगीजवळ बहुतेक पंजाब-सरहद्दीकडचे, अशी वाटणी विलायती कंपन्यांनी मुद्दाम जपलेली. म्हणून संघटनाही आधी तशाच वेगवेगळ्या झाल्या.

प्रश्न : पी. डिमेलो हे खलाशांचे पुढारी होते ना? आणि १९४६ चं बंड युनियननेच केलं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही नाही. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी, म्हणजे धक्क्यावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचे. १९४६ चं बंड नौदलातल्या सैनिकांचं. व्यापारी बोटीवरचा खलाशी या दोघांपेक्षा वेगळा, तरी तिघांचा चहा एकाच टपरीवर होत असे.

प्रश्न : मी चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथल्या खलाशांच्या युनियनने आपल्या लोकांना साथ दिली होती का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : बऱ्याच काळापर्यंत नाही, उलटच. हॅवलॉक विल्सन यांनी १८८७ साली उभी केलेली ब्रिटिश युनियन लढाऊ होती, पण हिंदुस्थानी आणि चिनी खलाशी स्वस्तात येऊन आपल्या पोटावर पाय देतात असं तिचं म्हणणं. स्वस्त कोण ठेवतं, हा प्रश्न तिने मालकाला विचारायला हवा होता. १९१९ साली कार्डिफ, लिव्हरपूलमध्ये काळ्या-सावळ्या खलाशांवर दंगली झाल्या. १९२५ च्या हुकमाने अशा खलाशांना परके म्हणून पोलिसांत नोंद करायला लावली, आणि जन्माने ब्रिटिश प्रजा असलेलेही त्यात भरडले गेले. त्या हुकमाला या युनियनचा पाठिंबा होता. याला उत्तर म्हणून १९३५ साली लंडनमध्ये कलोनियल सीमेन्स असोसिएशन निघाली. त्यात आफ्रिका, वेस्ट इंडीज, हिंदुस्थान सगळीकडचे खलाशी एकत्र होते, आणि सुरत अली त्यांतलेच.

पण एक गोष्ट वेगळी घडली ती ऑस्ट्रेलियात. १९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारलं. ते मोडायला निघालेल्या डच बोटी सिडनीत अडवल्या गेल्या. इंडोनेशियन खलाशी उतरले, म्हणून डचांनी हिंदुस्थानी खलाशी आणले. ते समुद्रात निघालेही होते. ऑस्ट्रेलियन कामगार आणि तिथली इंडियन सीमेन्स युनियन यांनी त्यांना गाठून समजावलं, आणि आपले लोकही उतरले. नलीतल्या शिक्क्याची भीती त्यांनाही असणारच. आपला देश अजून स्वतंत्र व्हायचा होता आणि हे दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी बोट सोडून धक्क्यावर उभे राहिले. मला याचा फार अभिमान आहे.

प्रश्न : माझे आजोबा सारंग होते. तुमच्या लेखात सारंग म्हणजे लाच खाणारा, असं चित्र उमटलं. ते योग्य नाही. (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : तुम्ही म्हणता ते मान्य. सारंगाबद्दल मी एकाच अंगाने लिहिलं. गोरा अधिकारी आणि पन्नास खलाशी यांच्यामध्ये उभा असलेला तो एकटा. हुकूम खाली पोचवायचे, गाऱ्हाणी वर पोचवायची, आणि कुणी मेला तर त्याच्या घरी जायचं तेही त्यानेच. सारंगाने पोरगा बोटीवर नेला म्हणून आख्खं घर वर आलं, अशी उदाहरणं माझ्या गावात चार आहेत. आणि सारंगालाही वर कुणाला तरी द्यावंच लागे, ते तो खालून काढे. माझा राग त्या साखळीवर आहे. १९३९ मध्ये तुरुंगात गेलेल्यांत सारंगही होते.

दुसऱ्या महायुद्धात साधारण ६,६०० हिंदुस्थानी खलाशी मेले. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्यांच्या नावांची स्मृतिवही आहे. वडिलांना मी १९७८ साली तिथे नेलं होतं. पानं उलटताना ते प्रत्येक नावापुढचा हुद्दा मोठ्याने वाचत होते. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, टोपस. तुम्हीही एकदा जाऊन या.

प्रश्न : मुलाने जीपी रेटिंगचा, म्हणजे बोटीवरच्या साध्या खलाशाचा, कोर्स केला आहे. नेरुळचा एक एजंट पाच लाख मागतो, ‘जॉइनिंग पक्कं’ म्हणतो. सोनं गहाण ठेवायची तयारी केली आहे. पैसे द्यावेत का? (एक आई, गुहागर)

उत्तर : ताई, देऊ नका.

कायद्याने खलाशाकडून नोकरीसाठी एक रुपयाही घेता येत नाही. २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनला, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला, भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली आहे. त्याप्रमाणे मुलाच्या खिशातून फक्त तीन गोष्टींचा खर्च जाऊ शकतो : वैद्यकीय दाखला, नली आणि पासपोर्ट. व्हिसासुद्धा मालकाने काढायचा. भरती करणाऱ्याकडे डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि त्याचा नंबर असतो. एजंटाकडे तो नंबर मागा. मग डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः बघा की नंबर त्याच नावावर आहे का आणि चालू आहे का. परवाना दुसऱ्या कंपनीचा आणि माणूस ‘त्यांच्यातर्फे’ असं म्हणाला तर त्या कंपनीच्या कचेरीत फोन करा, एजंटाने दिलेल्या नंबरावर नव्हे.

असे पैसे देऊन गेलेली मुलं माझ्या टेबलावर येत. कुणी भलत्याच देशाच्या बंदरात पगाराविना अडकलेलं, कुणाच्या हातात बनावट करार. पैसे रोख दिलेले असत, पावती नसे. तक्रार लिहायला मी कागद घेतला की आई-बापच म्हणत, नाव नको, पोराला पुढे बोट मिळणार नाही.

मुलाचा इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख नंबर), कोर्सचे दाखले, एसटीसीडब्ल्यूची (बोटीवरच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांची) प्रमाणपत्रं आणि नली एका फायलीत लावा, आणि बॅलार्ड इस्टेटला गोवा स्ट्रीटवर युनियनच्या कचेरीत त्याला घेऊन जा. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पैशाचा आकडा लिहिला असेल तर तो मेसेज पुसू नका, त्याचा फोटो काढून फायलीतच ठेवा. सोनं घरात राहू द्या.